शब्द ठाऊक नसला तरी लेख सांपडावा



शाळेंत नोकरीस असतांना कांहीं वर्षें वाचनालयाचें काम माझ्याकडे होतें. वर्तमानपत्रांतील उपयुक्त कात्रणें डकवून ठेवावयाचीं व त्यांची विषयवार नोंद एका वहींत करावयाची, असा माझा परिपाठ असे. एकदां एक विद्यार्थिनी १९७२ सालच्या दुष्काळावर निबंध लिहिण्यासाठीं कांहीं वाचावयास मागूं लागली. मीं वही उघडली, 'द' या अक्षराखालीं बोट फिरविलें, आणि "मुली, आपल्याकडे यावर कांहीं नाहीं," असें सांगून तिला परत पाठविलें. निबंधाची मुदत टळून गेल्यावर त्याच वहींत, 'अ' या अक्षराखालीं, माझ्याच हस्ताक्षरांतला एक शब्द माझ्या दृष्टीस पडला : 'अवर्षण'. त्यापुढें पांच कात्रणांची नोंद होती.

वही खोटी नव्हती आणि मुलगीही चुकली नव्हती. तिचा शब्द एक व माझा शब्द दुसरा, एवढेंच काय तें झालें होतें. परंतु विचार केल्यास ही अडचण मोठी आहे. ज्याला माहिती हवी असते, त्यालाच ती कोणत्या शब्दांत लिहून ठेवली आहे हें ठाऊक नसतें. या अडचणीवर गणितानें जो उपाय शोधला, तो आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

आडव्या ओळी व उभे स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीला सारणी म्हणतात. इंग्रजींत तिला मॅट्रिक्स हें नांव जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनीं १८५० सालीं दिलें, आणि त्यांचे स्नेही आर्थर केली यांनीं १८५८ च्या निबंधांत तिच्या बेरीज-गुणाकाराचे नियम पद्धतशीर मांडले. पुढें शंभरांहून अधिक वर्षांनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेरार्ड सॉल्टन व त्यांचे सहकारी यांनीं ही सारणी लेख शोधण्याच्या कामीं लावली. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९७५ सालचा आहे.

एक लहानसें उदाहरण घेऊं. कागद-पेन्सिल हाताशीं असल्यास बरें. तीन कात्रणें आहेत अशी कल्पना करा. पहिल्यांत 'दुष्काळ' हा शब्द दोनदां, 'पीक' एकदां व 'विहीर' दोनदां आला आहे. दुसऱ्यांत 'अवर्षण' दोनदां, 'पीक' दोनदां व 'विहीर' एकदां. तिसरें कात्रण क्रिकेटच्या सामन्याचें आहे. त्यांत 'फलंदाज' दोनदां, 'धांव' दोनदां, आणि धांवांचें पीक आलें असें बातमीदारानें लिहिल्यामुळें 'पीक' एकदां. प्रत्येक शब्दाला एक ओळ व प्रत्येक कात्रणाला एक स्तंभ द्या. सहा ओळी, तीन स्तंभ. जेथें शब्द नाहीं तेथें शून्य. झाली सारणी तयार.

आतां प्रत्येक स्तंभ म्हणजे एक बाण आहे असें समजा. संख्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचें वर्गमूळ काढलें कीं बाणाची लांबी मिळते. येथें तिन्ही बाणांची लांबी ३ भरते. दोन बाणांतील समोरासमोरच्या संख्या गुणून गुणाकारांची बेरीज करावी व तिला दोन्ही लांबींच्या गुणाकारानें भागावें; म्हणजे त्यांमधील कोनाची कोटिज्या, विद्यार्थ्यांच्या भाषेंत कोसाइन, हातीं येते. ती १ च्या जवळ असेल तर दोन लेख एका दिशेचे; शून्य असेल तर एकमेकांशीं काटकोनांत. पहिल्या दोन कात्रणांची कोटिज्या ४/९ येते. पहिल्या व तिसऱ्याची केवळ १/९. वाचतां न येणाऱ्या यंत्रानेंही कोणते लेख सजातीय आहेत हें ओळखलें !

अर्थात् सर्व शब्द सारख्या मोलाचे नसतात. 'आणि' किंवा 'आहे' हे शब्द प्रत्येक लेखांत असतात. त्यांवरून कांहींच ओळखतां येत नाहीं. जो शब्द थोड्याच लेखांत येतो त्याला अधिक वजन द्यावें, ही युक्ति इंग्लंडांतील विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं मांडली.

परंतु माझ्या विद्यार्थिनीचें काय ? तिनें 'दुष्काळ' एवढाच शब्द विचारला, तर या हिशेबानें पहिलें कात्रण मिळेल. दुसऱ्याच्या वांट्याला शून्यच. म्हणजे माझ्या वहीची चूक यंत्रानेंही केली. यावरचा तोडगा १९९० सालीं डियरवेस्टर, ड्युमे, फर्नास, लँडॉअर व हार्शमन या पांच संशोधकांनीं प्रसिद्ध केला. त्याचें मूळ जुनेंच आहे. कोणतीही सारणी कांहीं परस्परलंब दिशांमध्यें उकलतां येते व प्रत्येक दिशेचें बळ एका संख्येनें मोजतां येतें, हें इटलींतील बेल्ट्रामी यांनीं १८७३ मध्यें व फ्रान्समधील जॉर्डन यांनीं १८७४ मध्यें दाखविलें होतें. या पांच जणांनीं बलवान दिशा तेवढ्या ठेवल्या, क्षीण दिशा टाकून दिल्या, आणि उरलेल्यांतून सारणी पुन्हां जुळविली.

आपल्या सारणींत अशा तीन दिशा निघतात. त्यांतील सर्वांत क्षीण दिशा मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या कात्रणांमधील भेद दाखविणारी आहे. ती टाकली कीं 'दुष्काळ' या शब्दाची ओळ, जी मुळांत २, ०, ० अशी होती, ती सुमारें १.१४, ०.९६ व उणे ०.२५ अशी होते. ज्या कात्रणांत 'दुष्काळ' हा शब्द एकदांही नाहीं, त्या दुसऱ्या कात्रणापुढें जवळजवळ एकाचा आंकडा आला. 'पीक' व 'विहीर' यांच्या संगतीवरून हें घडलें. आणि क्रिकेटचें कात्रण, 'पीक' हा शब्द त्यांत असूनही, दूरच राहिलें. माणसाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते असें आपण म्हणतों. शब्दांचेंही तसेंच आहे.

प्रत्यक्षांत सारण्या फार मोठ्या असतात. वैद्यकविषयक १०३३ सारांशांच्या संग्रहावर त्या संशोधकांनीं सुमारें शंभर दिशा राखून ही रीत वापरली, तेव्हां नुसते शब्द जुळविण्यापेक्षां फळ चांगलें आलें. दुसऱ्या एका संग्रहावर मात्र विशेष लाभ दिसला नाहीं. हेंही त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें. आजचीं संगणकी भाषायंत्रें शब्दांना संख्यांच्या लांब माळा देतात, त्यांच्या मुळाशींही शब्दाच्या संगतीचा हाच विचार आहे.

मराठीपुरती एक अडचण सांगितली पाहिजे. 'विहीर', 'विहिरींत', 'विहिरीचें' हीं रूपें आपणांस एकच वाटतात. मोजणाऱ्या यंत्राला तीं तीन निराळीं. म्हणून प्रथम प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढावा लागतो. पण प्रत्यय काढले कीं 'गुरूनें शिष्याला शोधलें' आणि 'शिष्यानें गुरूला शोधलें' यांत भेद उरत नाहीं. सारणी शब्द मोजते. कर्ता कोण व कर्म कोणतें हें तिला कळत नाहीं. कोणता लेख जवळचा हें ती सांगेल; तो खरा आहे कीं नाहीं, हें वाचणाऱ्यानेंच ठरवावयाचें आहे.

माझी ती वही अद्याप मजजवळ आहे. 'द' या अक्षराखालीं मीं मागाहून एक ओळ लिहिली : 'दुष्काळ : अवर्षण पाहा.' गणितानें अशा लाखों ओळी आपोआप लिहिण्याची सोय केली, ही सामान्य गोष्ट नव्हे. माझी ती एक ओळ मात्र त्या मुलीच्या उपयोगीं पडावयास फार उशीर झाला होता. तेव्हां आपल्या दाराशीं कोणी चुकीचा शब्द घेऊन आला, तर 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं त्याला दुसरा एखादा शब्द विचारून पाहावा, एवढेंच माझें मागणें आहे.