अपघात : दोष माणसाचा की मांडणीचा?

कारखान्यात अथवा शेतावर अपघात घडला म्हणजे रीतसर चौकशी होते आणि अहवालात पुष्कळदा एकच वाक्य उमटते : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ या वाक्याने प्रकरण मिटते. धोका मात्र कायम राहतो. जखमी माणसाच्या जागी दुसरा माणूस त्याच यंत्रापुढे उभा राहतो. म्हणूनच, चूक कोणाची एवढ्यावर न थांबता ती चूक घडण्याजोगी परिस्थिती कशी निर्माण झाली, याचा शोध घेण्याकडे सुरक्षितताशास्त्र गेल्या शतकात वळले. हा बदल कारखानदारांप्रमाणेच ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनीही समजून घेण्याजोगा आहे.

यंत्राकडून माणसाकडे

यंत्रयुगाच्या प्रारंभी सुरक्षितता म्हणजे फिरती चाके, पट्टे व दाते यांना आवरण घालणे, असा मर्यादित अर्थ होता. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही अशी आवरणे सक्तीची केली. आवरणे आवश्यकच होती. तथापि ती बसवूनही अपघात होत राहिले, तेव्हा लक्ष कामगाराकडे गेले. अमेरिकेतील एका विमा कंपनीचे अधिकारी हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेकडा ८८ अपघातांचे कारण माणसांच्या असुरक्षित कृतींत असल्याचे प्रतिपादन केले. हे प्रमाण विमादाव्यांची कागदपत्रे व कारखान्यांची दप्तरे यांवरून काढलेले होते. कामगाराची बाजू अशा दप्तरांत क्वचितच येते. तरीही सूचनाफलक, शिस्त व शिक्षा यांवर भर देणारी पद्धती यातून दीर्घकाळ रूढ झाली.

दोन सारखे खटके

या विचाराला पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर अकस्मात पोटावर बसत. पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी वैमानिक चाकेच आत घेत असत. निष्णात वैमानिकांकडून ही चूक वारंवार का व्हावी? १९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चपानिस यांनी पाहणी केली, तेव्हा दोन्ही खटके शेजारीशेजारी व अगदी सारखे असल्याचे आढळले. चाकांच्या खटक्यावर लहानसे रबरी चाक आणि झडपांच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविण्यात आला. फरक हातालाच कळू लागला आणि ही चूक थांबली. माणसाची दृष्टी, स्मरण, थकवा व सवय लक्षात घेऊन यंत्राची रचना करावी, हे तत्त्व यातून पुढे आले.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात झालेला अपघातही याच प्रकारचा होता. तेथे एक झडप उघडीच राहिली होती. परंतु नियंत्रण कक्षातील दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. झडप बंद करण्याचा संकेत गेला की नाही, एवढेच तो दर्शवीत होता. शंभरावर धोक्याच्या सूचना एकाच वेळी सुरू झाल्या आणि कर्मचाऱ्यांना खरी स्थिती उमगेना.

मळणी यंत्राचा धडा

आपल्या देशातील उदाहरण शेतावरचे आहे. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश येथे गव्हाच्या मळणीसाठी यंत्रे आली आणि हात व बोटे गमावणाऱ्या मजुरांची संख्या वाढली. प्रथम दोष मजुराच्या डुलकीला व नशेला देण्यात आला. वस्तुतः यंत्राचे तोंड इतके आखूड असे की, पेंढी आत सारणारा हात फिरत्या भागापर्यंत सहज पोहोचावा. त्यात सुगीची घाई व रात्रीचे जागरण यांची भर पडे. लांब व वरून झाकलेले तोंड हा त्यावरील साधा उपाय होता. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत करून यंत्राची निर्मिती, विक्री व वापर यांचे नियमन केले आणि जखमींना भरपाईची तरतूद केली.

व्यवस्थेची जबाबदारी

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये झालेल्या वायुगळतीने याहून मोठा प्रश्न उभा केला. त्या कारखान्यातील शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. हे निर्णय एखाद्या कामगाराच्या हातचे नव्हते. कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आवश्यक ठरविली, तसेच निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना दिला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास हेच सूत्ररूपाने मांडले : मोठा अपघात एका चुकीने घडत नाही, संरक्षणाच्या अनेक थरांतील उणिवा एकाच वेळी एका रेषेत आल्या म्हणजे तो घडतो.

याचा अर्थ कामगाराची जबाबदारी संपली असा नव्हे. जाणूनबुजून आवरण काढून ठेवणे हा दोषच होय. परंतु ते का काढले जाते, हेही विचारले पाहिजे. आवरणामुळे काम अडत असेल आणि मजुरी नगावर मिळत असेल, तर केवळ ताकीद देऊन आवरण जागेवर राहणार नाही.

गावातील पिठाची गिरणी, ऊस गाळण्याचा चरक, कडबा कापणी यंत्र, पाणीपुरवठ्याचा पंप, शाळेची प्रयोगशाळा या सर्व ठिकाणी हाच विचार लागू पडतो. पट्टा उघडा आहे काय? यंत्र बंद करण्याचा खटका हाताशी आहे काय? काम करणारा किती तास उभा आहे? थोडक्यात टळलेला अपघात तो निर्भयपणे सांगू शकतो काय? पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी हे प्रश्न अपघातापूर्वी विचारले, तर अनेक हात शाबूत राहतील आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिण्याची वेळही क्वचितच येईल.