शुक्राणूंविषयीची सहिष्णुता : १८९९ ते २०१७

मुलगा वयात येईपर्यंत त्याच्या वृषणांत शुक्राणू तयार होत नाहीत. शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्याचे पहिले धडे जन्माच्या आगेमागेच गिरवून बसलेली असते. मग काही वर्षांनी, ज्यांच्यावरील कित्येक प्रथिने या यंत्रणेने कधी पाहिलेली नाहीत अशा पेशी रोज कोट्यवधींच्या संख्येने निर्माण होऊ लागतात, आणि तरीही बहुसंख्य पुरुषांत त्यांच्यावर हल्ला होत नाही. या कोड्याचे वय रोगप्रतिकारशास्त्राच्या वयाहून फारसे कमी नाही.

१८९९ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी बैलाचे शुक्राणू गिनीपिगांना टोचले आणि गिनीपिगांच्या शरीराने ते निश्चल केले. परक्या प्राण्याच्या पेशी असल्याने त्यात फारसे नवल नव्हते. पण लगेच पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेटालनिकॉफ यांना असे आढळले की गिनीपिगाला गिनीपिगाचेच शुक्राणू टोचले तरी त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लक्ष्याला नेमके चिकटणारी संरक्षक प्रथिने, तयार होतात आणि ती खुद्द त्याच्या स्वतःच्या शुक्राणूंनाही निश्चल करतात. शरीर स्वतःवर शस्त्र उगारत नाही, हे पॉल एर्लिश यांचे मत त्या काळी इतके वजनदार होते की या निरीक्षणाचा गर्भितार्थ जवळपास अर्धे शतक बाजूला पडला. १९५३ मध्ये ज्यूल्स फ्रॉइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृषणाच्या ऊतीबरोबर प्रतिकार चेतवणारे मिश्रण टोचून गिनीपिगांतील शुक्राणूनिर्मिती बंद पाडली, आणि १९५४ मध्ये हॉलंडमध्ये र्‍यूम्के व अमेरिकेत विल्सन यांनी काही वंध्य पुरुषांत शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे दाखवून दिली, तेव्हा हा धोका माणसालाही आहे हे मान्य करावे लागले.

धोका खरा असेल तर तो एरवी टळतो कसा, याचे पहिले समाधानकारक उत्तर शरीररचनेने दिले. रक्तात सोडलेले काही रंग वृषणाच्या नलिकांच्या आत शिरत नाहीत हे विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते. १९७० मध्ये डिम आणि फॉसेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण दाखवले. शुक्राणूंना वाढवणाऱ्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, आणि या सांध्यांच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या पेशी रक्तापासून अलग राहतात. या व्यवस्थेला रक्त-वृषण रोध म्हणतात. प्रतिकारपेशींना शुक्राणू दिसतच नाहीत, म्हणून त्या शांत असतात, हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत होते की पाठ्यपुस्तकांनी ते हाती लागताच पक्के केले, आणि गरजेपेक्षा जास्त काळ पक्के ठेवले.

कारण त्याला तडे देणारे पुरावे हळूहळू साचत होते. १९८८ मध्ये केनेथ टंग यांच्या गटाने दाखवले की प्रतिकार चेतवू शकणाऱ्या काही शुक्रपेशी रोधाच्या बाहेरच असतात. शिवाय नलिकांच्या मधल्या जागेत भक्षकपेशींची भरपूर वस्ती असते आणि त्या दाह भडकवण्याऐवजी शमवण्याकडे झुकलेल्या असतात. वृषणातून निघालेले शुक्राणू ज्या सुमारे सहा मीटर लांबीच्या वेटोळ्या नळीत, म्हणजे अधिवृषणात, पक्व होतात, तिच्या अस्तरालगत तर भक्षकपेशींचे आणि डेंड्रायटिक पेशींचे, म्हणजे दिसलेल्या प्रथिनांची ओळख टी-पेशी नावाच्या, नेमके लक्ष्य ओळखणाऱ्या प्रतिकारपेशींना करून देणाऱ्या पेशींचे, दाट जाळे असते. एवढा पहारा जेथे आहे तेथे काहीच दिसत नसेल, हे मानणे अवघड होते.

दुसरा धागा जपानमधून आला. १९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या मादी उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे टी-पेशी जेथे घडतात ती ग्रंथी, काढली, तेव्हा त्यांची बीजांडकोश-ऊती नष्ट झाली. पुढे अशाच नर उंदरांत वृषणदाह दिसला. त्या ग्रंथीतून हल्ला रोखणाऱ्या पेशीही बाहेर पडतात, या विचाराचा पाठपुरावा करत शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी-पेशी निश्चित केल्या, ज्यांच्यासाठी त्यांना २०२५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या पेशींची कसोटी पुरुष नसबंदीने पाहिली. नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे आढळतात. १९७८ मध्ये माकडांवरील एका प्रयोगातून नसबंदीने, बहुधा या प्रतिपिंडांमुळे, रक्तवाहिन्या कठीण होतात अशी भीती पसरली होती, पण १९८४ मध्ये १०,५९० नसबंदी झालेल्या पुरुषांच्या पाहणीने ती निराधार ठरवली. २०११ मध्ये टंग यांच्या गटाने उंदरांत दाखवले की नसबंदीनंतर शुक्राणूंच्या प्रथिनांविषयी सहिष्णुताच निर्माण होते, मात्र त्या सुमारास नियामक टी-पेशी तात्पुरत्या हटवल्या तर दोन्ही वृषणांत तीव्र दाह होतो.

२०१७ चे काम या शृंखलेतील सर्वांत बोलके ठरते. त्याच गटाला आढळले की शुक्राणूंचे एलडीएच-३ हे प्रथिन निरोगी उंदरांत नलिकांतून सतत बाहेर झिरपते, आणि हे झिरपणेच नियामक टी-पेशींना जागे ठेवून सहिष्णुता टिकवते. झोनॅढेसिन हे प्रथिन मात्र बाहेर येत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी अशी सहिष्णुता नसते. म्हणजे रोध आणि सहिष्णुता हे पर्याय नसून प्रत्येक प्रथिनागणिक त्यांची वाटणी वेगळी आहे. वृषणातील जी प्रथिने कर्करोगाच्या गाठींतही आढळतात त्यांच्यावर लशी बनवताना, बाहेर न झिरपणारी प्रथिने निवडणे अधिक फलदायी ठरेल, हा याचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.