भाता आणि पेट्रोल

वसंत व्याख्यानमालेत पेट्रोलच्या हिशेबावर बोलायचे म्हटल्यावर काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. आमच्या कसबा पेठेतील एका तरुणाने कर्ज काढून टर्बोचार्जर असलेली एक वेगवान मोटार घेतली. माहितीपत्रकात लिटरला सतरा किलोमीटर असा आकडा होता. याच्या पदरात आठही पडेनात. मोटार दोनदा तपासून घेतली, दोष सापडला नाही. तेव्हा मेकॅनिकच लबाड आहे असे ठरवून त्याने जुना संबंध तोडला. हप्ता आणि पेट्रोल यांचा मेळ बसेना, म्हणून घरातही कुरबुर सुरू झाली. खोटे कोण बोलत होते? माझे उत्तर असे की, कोणीच नाही. सतरा खरे, आठही खरे, आणि मेकॅनिकही खराच. हे कसे, तेवढेच आज सांगायचे आहे.

त्यासाठी लांब जायला नको. पेठेतल्याच तांबट आळीत जाऊ. तांब्याच्या कामाला भट्टी लागते आणि भट्टीला भाता. भाता मारला की निखारे फुलतात, आच वाढते. पण त्याच वेगाने कोळसाही संपतो. भाता स्वतः उष्णता देत नाही. तो हवा देतो, आणि हवा आली की कोळसा जळतो.

टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता होय. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक छोटे चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. पेट्रोल नीट जळण्यास एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून दुप्पट हवा कोंबली तर पेट्रोलही निदान दुप्पट द्यावे लागते. शक्ती वाढते ती या जादा पेट्रोलातून.

मग टर्बोने पेट्रोल वाचते असे का म्हणतात? कारण त्याच्या जोरावर लहान इंजिन बसवता येते. मोठे इंजिन सावकाश चालवताना त्याच्या हवेची वाट झडपेने जवळजवळ मिटून ठेवावी लागते आणि त्या अडलेल्या वाटेने हवा ओढण्यात बरीच शक्ती वाया जाते. शिवाय मोठ्या यंत्राचे घर्षणही मोठे. लहान इंजिनात हे दोन्ही नुकसान कमी. म्हणजे बचत होते ती लहान इंजिनामुळे, आणि तीही भाता मंद असेपर्यंत.

भाता जोरात चालू झाला की आणखी एक खर्च निघतो. दाबलेली हवा तापते, आणि पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोके देऊ लागते. ते टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडतात. त्यात काही शक्ती बुडते. अतिभाराच्या वेळी पुष्कळ इंजिनांत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतात, ते जाळण्यासाठी नव्हे, तर आतला भाग थंड राहावा म्हणून. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो मोटार निघाली. तिच्या इंजिनात याच कारणासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे. दुखणे जुनेच आहे.

आता छापील आकड्याकडे वळू. आपल्या पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे ‘एआरएआय’, आहे. या परीक्षेत मोटार रस्त्यावर नेत नाहीत. रुळांवर उभी करून ठरलेल्या क्रमाने चालवतात. ज्या भारतीय चालन-चक्राने आपल्याकडील मोटारींचे आकडे वर्षानुवर्षे काढले गेले, त्याचा शहरी भाग १९५ सेकंदांचा असून तो चार वेळा घेतात. पुढे ४०० सेकंदांचा वेगाचा भाग. सर्वाधिक वेग ताशी ९०. आणि थांबलेल्या मोटारीने ताशी ५० चा वेग घ्यायला मिळतात २६ सेकंद! वेगवान मोटार घेणारा माणूस इतक्या सबुरीने निघेल काय? या परीक्षेत भाता जेमतेम हलतो. ती लबाडी नव्हे. सर्व मोटारी एका मापाने मोजता याव्यात यासाठी ती आहे. चूक आपली, की आपण त्या मापाला आश्वासन समजतो.

आता कसब्यातील हिशेब मांडू. कसबा गणपतीपासून डेक्कन जिमखान्यापर्यंत तीन किलोमीटर धरा. साडेबाराशे किलो वजनाची मोटार शून्यापासून ताशी ४० वर नेण्यास सुमारे अकरा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पेट्रोल लागते. पुढे ब्रेक दाबला की ते सारे उष्णता होऊन जाते. असे बारा वेळा झाले, तर १३० मिलिलिटर. उभ्या इंजिनाला, थंड हवेचे यंत्र चालू असता, तासाला पाऊण ते एक लिटर लागते. आठ मिनिटे थांबलो तर सुमारे १२०. प्रत्यक्ष चालण्याला लिटरला अठरा धरले, तर १६५. बेरीज ४१५ मिलिलिटर. तीन किलोमीटरला ४१५, म्हणजे लिटरला सव्वासात! दोष काही नसताना आकडा येथे येतो. ही गल्ली साध्या इंजिनालाही महागच. फरक एवढाच की, जोरकस मोटारीचा मालक प्रत्येक मोकळ्या फटीत भाता मारतो आणि पुढच्या रिक्षामागे ब्रेक दाबतो.

बाहेरगावच्या रस्त्यावर दुसरा शत्रू भेटतो, तो वारा. वेग ताशी ८० वरून १०० वर गेला की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. कात्रजचा चढ जोरात चढताना भाता पूर्ण चालतो. तेथे लहान इंजिनाचा फायदा उरत नाही.

मग करावे काय? प्रथम नीट मोजावे. टाकी काठोकाठ न भरता पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, चारपाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तशीच भरावी आणि भागाकार करावा. टायरांतील हवा, हवेची गाळणी आणि अडकणारा ब्रेक पाहावा. माहितीपुस्तकात ९५ ऑक्टेनचे पेट्रोल सांगितले असेल तर ९१ वर काटकसर करू नये. ठोके टाळण्यासाठी इंजिन ठिणगी मागे घेते आणि वाचलेले पैसे दुसऱ्या वाटेने जातात. पुढची गर्दी दिसताच पाय आधी उचलावा. आणि मोटार घेण्यापूर्वीच स्वतःला विचारावे, ‘माझे रोजचे जाणे कोणत्या रस्त्याने?’

हा हिशेब मी त्या तरुणाला कागदावर मांडून दाखवला. मोटार त्याने ठेवली; कसब्यातली कामे मात्र आता तो पायी करतो. मेकॅनिककडेही जाऊन आला. पेट्रोलाचा खर्च कमी झाला तो थोडा; पण निरपराध माणसावरचा आरोप मागे घेतला गेला, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.