खिडकीआडची टपालपेटी

टपाल कचेरीत आपण खिडकीशी उभे राहतो, पण आपली पत्रे काही खिडकीत नसतात. ती आत, कप्प्यांत असतात. वेबमेलचेही असेच आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले, तेव्हापासून ब्राउझरमध्ये पत्र वाचण्याची सवय जगाला लागली. ती इतकी, की खिडकीआड पेटी असते हेच आपण विसरून गेलो.

अकोल्यातल्या एका लहान वाचनालयाला याची आठवण एका धक्क्याने झाली. बराच काळ न उघडलेले त्यांचे मोफतचे खाते एका कंपनीने बंद केले आणि त्यातली कवींची पत्रेही गेली. मग स्वतःच्या नावाची पेटी ठेवायचे ठरले. वाचनालयाच्या अनियतकालिकाकडे येणाऱ्या कविता मी अमरावतीत बसून वाचतो, म्हणून या कामात माझाही पाय गुंतला. मी बी. ए. झालेला माणूस; यमक कळते, सर्व्हर कळत नाही. अकोल्याचा माझा भाचा मात्र त्यातला जाणकार. "मामू, पेटी आधी, खिडकी नंतर," एवढे सांगून तो कामाला लागला.

पेटी म्हणजे डव्हकॉट नावाचा प्रोग्राम. तो आलेली पत्रे सांभाळतो आणि मागितली की दाखवतो. पत्रांची ने-आण करणारा हरकारा म्हणजे पोस्टफिक्स. हे दोन्ही चालू झाल्यावर राउंडक्यूब ही खिडकी बसवायची. थॉमस ब्रुडर्ली या स्विस तरुणाने २००५ मध्ये ती सुरू केली. ती फुकट मिळते. तिला वेब सर्व्हर, पीएचपी आणि एक डेटाबेस लागतो. तिचे इन्स्टॉलरचे पान उघडले की काय कमी आहे ते तीच सांगते. मग पेटीचा पत्ता द्यायचा, दरवाजा क्रमांक ९९३. आणि हरकाऱ्याचा पत्ता, दरवाजा ५८७. शेवटी हे इन्स्टॉलरचे फोल्डर काढून टाकायचे. ते तसेच राहिले, तर गवंडी गेला पण शिडी भिंतीला लावून गेला, असा प्रकार होतो.

इथवरचे काम दुपारच्या चहाआधी झाले. खरी कसोटी लिपीची होती. आमच्या टपालात मराठी कविता येतात, तशी उर्दूतली पत्रेही येतात. कधी विषय मराठीत आणि मजकूर उर्दूत. ईमेलचा जन्म झाला तो फक्त रोमन अक्षरांसाठी. आज सगळ्या लिप्या यूटीएफ-८ या एकाच रीतीने साठवतात. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन आणि आपल्या देवनागरीला तीन. काना-मात्रांचे वेगळे मोजायचे. म्हणजे 'अमरावती' मराठीत २१ बाइटांची, उर्दूत १४ ची आणि इंग्रजीत अवघ्या ८ ची! गाव तेच, भाडे वेगळे.

वाटेत कोणी ही रीत पाळली नाही तर दोन प्रकार होतात, आणि त्यांतला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डोक्यावर तिरपी रेघ घेतलेले रोमन ए ओळीने दिसू लागले, तर घाबरू नये. अक्षरे बहुधा शाबूत असतात, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून पाहत असतो. चष्मा बदलला की कविता परत येते. पण साठवतानाच अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे बसली, तर मूळ अक्षरे पुसली गेली. त्यांना जगातला कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही.

वाचनालयाच्या वर्गणीदारांची यादी अशीच आली. कोणीतरी ती एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत उतरवली होती. राउंडक्यूबच्या पत्तावहीत घेतली, तर एकूण एक माणूस प्रश्नचिन्ह झालेला! नशिबाने मूळ एक्सेलची फाइल वाचनालयाच्या जुन्या संगणकात होती. तीच 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून पुन्हा उतरवली आणि सगळी नावे जागेवर आली. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेल्या कवितांची तऱ्हा आणखी निराळी. त्या आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात आणि नंतर ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासावे लागते.

पत्र सुखरूप पोहोचावे म्हणून डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन ओळखी द्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याबाबत कडक झाले आहे. ओळख नसलेले पत्र स्पॅममध्ये पडते किंवा दारातूनच परत जाते.

खिडकीची डागडुजीही चालू ठेवावी लागते. जवळजवळ दहा वर्षे कोणाच्या ध्यानात न आलेली एक गंभीर फट राउंडक्यूबमध्ये सापडली आणि जून २०२५ मध्ये नव्या आवृत्तीने ती बुजवली. ज्यांनी ती आवृत्ती घेतली नाही, त्यांची फट उघडीच आहे.

आता दर रविवारी रात्री सर्व्हरवरून दोन प्रती निघतात. पत्रांच्या फोल्डरची एक आणि डेटाबेसची दुसरी, कारण पत्तावही पेटीत नसून डेटाबेसात असते. दोन्ही प्रती वाचनालयाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर जातात. त्या कपाटाची किल्ली ग्रंथपालबाईंकडे असते.