मणिबेलीपासून बेसापर्यंत

बेसा चौकातून मनीषनगरमार्गे वर्धा रोडवर आलं की उज्ज्वलनगरचं मेट्रो स्थानक लागतं. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची नोंद गिनीज बुकात झाली आहे. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनं ५० कोटी युरो, तर फ्रान्सच्या एएफडी या संस्थेनं १३ कोटी युरो कर्ज दिलं. असं कर्ज अटींशिवाय येत नाही. किती झाडं जाणार, कुणाचं घर किंवा दुकान हलणार, तक्रार कुणाकडे करायची, हे लेखी द्यावं लागतं.

याच रस्त्यानं परत बेसात या. इथं शेतांवर आधी लेआउट पडले, मग घरं झाली. रस्ता, नाली आणि पाण्याची लाइन मागाहून आली. ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत झाली, तरी लेआउटमधलं पाणी शेवटी कुठं जाणार, हे कर्जाच्या अटीसारखं लेखी विचारणारा इथं कुणी नाही.

या अटी परदेशी साहेबांच्या डोक्यातून निघाल्या, असा समज आहे. तो मला मान्य नाही. त्यांची मोठी किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित होणार होती. ती अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, आणि त्यातलं पहिलं मणिबेली. नर्मदा बचाव आंदोलनाचा रेटा इतका वाढला की बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर उणिवा असल्याचं या समितीनं जून १९९२ मध्ये स्पष्ट सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडलं. त्याच वर्षी बँकेनं तपासणी मंडळ स्थापलं आणि बाधित माणसाला थेट बँकेकडे दाद मागायची वाट खुली झाली. मणिबेलीची जमीन वाचली नाही, पण जगभरच्या बाधितांना एक दार मिळालं.

ते दार मुंबईकरांनीही ठोठावलं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात कुर्ला परिसरातल्या दुकानदारांनी २००४ साली या मंडळाकडे तक्रार केली. १ मार्च २००६ रोजी बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा निधी थांबवला. काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू झाला, पण तोवर दुकानदारांचं म्हणणं ऐकून घेणं भाग पडलं होतं.

पुढं मानकांची गर्दीच झाली. २००३ साली खासगी बँकांनी प्रकल्पांच्या कर्जांसाठी इक्वेटर तत्त्वं स्वीकारली, २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी ‘शुअर’ हे पायाभूत प्रकल्पांसाठीचं मानक आलं, आणि २०१९ साली ओसाकात जी-२० देशांनी दर्जेदार पायाभूत गुंतवणुकीची तत्त्वं मान्य केली. प्रत्येकाची परिभाषा वेगळी. एकाच प्रकल्पाची तीच माहिती तीन नमुन्यांत भरण्यात अभियंत्यांचा वेळ जातो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. म्हणून जगानं एक सामाईक मापदंड ठरवावा, ही मागणी रास्त आहे. मात्र सगळ्यांना जमेल एवढंच त्यात लिहिलं, तर मणिबेलीनं मिळवलेलं आपण गमावून बसू.

मला याहून मोठी काळजी वेगळीच आहे. मानक कर्जाच्या मागं चालतं. जिथं मोठं कर्ज नाही, तिथं ते पोचतच नाही. मोठ्या शहराला कर्ज उभारता येतं; गाझियाबाद महापालिकेनं २०२१ साली सांडपाणी शुद्धीकरणासाठी १५० कोटींचे हरित रोखे काढले. एखाद्या नगरपंचायतीला ते कसं जमावं? पण पाऊस महापालिका आणि नगरपंचायत असा भेद करत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरात घराघरांत पाणी शिरलं.

नाली बांधायला परदेशी बँक लागत नाही, आणि हिशेब मांडायलाही लागत नाही. पैसा कुणाचा, जमीन कुणाची, पाणी कुठं जाणार आणि तक्रार कुणाकडे करायची, ही चार उत्तरं कामाच्या फलकावर मराठीत लिहिलेली असावीत. बेसाच्या वाचकांनो, तुमच्या लेआउटसमोर रस्ता खोदायला घेतील, त्या दिवशी हा फलक मागा.