उंची कमी म्हणून रॅकेट खाली ठेवायची?

थंडी पडली की आपल्या वस्त्यांमध्ये रात्रीचे बॅडमिंटन सुरू होते. दोन खांबांना दोरी, दोरीवर जुनी जाळी नाहीतर एखादी विटकी साडी, वर एक दिवा आणि प्लॅस्टिकचे शटल. फेब्रुवारी संपला की जाळी गुंडाळून माळ्यावर जाते. या पोरापोरींपैकी एखाद्याच्या हातात खरोखर खेळ असतो. मग कोणीतरी पदरमोड करून त्याला हॉलमध्ये घेऊन जाते. तिथे हातात रॅकेट देण्याआधीच डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरते. "उंची नाही हो याला." किंवा, "पोरगी जड आहे." आई घरी परत येते आणि म्हणते, "भाऊ, आमच्या घराण्यातच उंची नाही, त्याला काय करणार?"

यात दोन प्रश्न आहेत. बॅडमिंटनला उंची आणि वजन खरोखर किती लागते? आणि उंची फक्त घराण्यातून येते काय?

उंचीचा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. कारकुनाला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मांडतो. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर, म्हणजे बरोबर ५ फूट उंच असते. जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत ६.७० मीटर अंतर असते. सव्वासहा फुटांच्या वरचा खेळाडू हात उंचावून रॅकेटने शटल सुमारे ३ मीटरवर गाठतो. पाच फूट एक इंचाचा खेळाडू ते सुमारे अडीच मीटरवर गाठतो. आता दोघेही जाळीपासून ४ मीटर मागे उभे राहून, जाळीला अगदी घासून सरळ रेषेत स्मॅश मारतात असे धरा. उंच खेळाडूचे शटल पलीकडे साधारण ४ मीटरवर पडेल, बुटक्याचे सव्वासहा मीटरवर, म्हणजे मागच्या रेषेच्या जेमतेम अर्धा मीटर अलीकडे. खरे शटल वाटेत मंदावते आणि खाली झुकते, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण उंच खेळाडूचा स्मॅश पायाशी का येतो आणि बुटक्याचा छातीशी का येतो, ते यातून कळते. डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन १.९४ मीटर, म्हणजे सुमारे ६ फूट ४ इंच उंच. त्याने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकचे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. उंची त्याच्या कामाला आलीच.

पण हा खेळ नुसता वरून मारण्याचा नाही. जाळीजवळ टाकलेले शटल जमिनीपासून वीतभर वर असताना उचलावे लागते, आणि तिथे लांबलचक माणसाला दुमडावे लागते. अंगावर आलेले शटल परतवायला कोपर आखडून घ्यावा लागतो. दिशा बदलताना लांब शरीर उशिरा वळते. आपल्या पी. व्ही. सिंधूची उंची ५ फूट १० इंच, जपानच्या नोझोमी ओकुहाराची सुमारे ५ फूट १ इंच. दोघींमध्ये चांगले नऊ इंचांचे अंतर. २०१७ साली ग्लासगोला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत या दोघी ११० मिनिटे झुंजल्या. एका गुणासाठी तर ७३ फटके मारले गेले. शेवटी जिंकली ती ओकुहारा, २१-१९, २०-२२, २२-२०. दोन वर्षांनी बासेलला याच दोघी पुन्हा अंतिम फेरीत आल्या, तेव्हा सिंधूने तिला २१-७, २१-७ असे सहज हरवले. उंची दोघींची होती तेवढीच होती.

ओकुहाराच्याच देशाची, जवळपास तेवढ्याच उंचीची अकाने यामागुची २०२१, २०२२ आणि २०२५ अशी तीनदा जगज्जेती झाली. पुरुष दुहेरीत इंडोनेशियाचे केविन सुकामुल्जो आणि मार्कस गिडियन ही जोडी वर्षानुवर्षे जगात पहिली होती. दोघेही साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणून लोक त्यांना लाडाने 'मिनियन्स' म्हणत. जाळीजवळ त्यांच्या रॅकेटचा वेग असा की उंच प्रतिस्पर्ध्याला हात वर करायची सवडच मिळत नसे. आणि जयपूरचा कृष्णा नागर? त्याची उंची साडेचार फुटांच्या आत आहे. पॅरालिंपिकमध्ये कमी उंचीच्या खेळाडूंचा वेगळा गट असतो. त्या गटात टोकियोला २०२१ साली त्याने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्याची उडी पाहावी. उंचीत जे नाही ते तो पायातून काढतो.

वजनाचे गणित वेगळे आहे. उंची कमी-जास्त करता येत नाही, वजन येते, आणि म्हणूनच तिथे जास्त चुका होतात. एकेरीच्या सामन्यात खेळाडू शेकडो वेळा झेपावतो, थांबतो, उडी मारतो. झेप घेऊन पाय टेकला की त्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. अंगावर पाच किलो चरबी जादा असेल, तर रेशनच्या तांदळाची पाच किलोची पिशवी पाठीला बांधून खेळल्यासारखे होते, आणि गुडघ्याला तिचा हिशेब दुपटीतिपटीने चुकवावा लागतो. पण तेच पाच किलो मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंचे असतील, तर तेच उडी मारायला उपयोगी पडतात. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. म्हणून नुसता काटा पाहून पोरीला "जड" म्हणणे चूक आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे वाढत्या वयात तिला उपाशी ठेवणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. अशी मुलगी पहिला गेम बरा खेळते, दुसऱ्यात तिला धाप लागते, पाय उचलत नाहीत. आपण म्हणतो, पोरगी सुस्त आहे, वजन कमी कर. आधी दवाखान्यात जाऊन तिचे हिमोग्लोबिन तपासा. सरकारी शाळांत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे, ती मुलीने खरोखर गिळली काय ते विचारा. गोळीवर चहा पिऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली मटकी, अंडे, सुकट, शेंगदाणे या गोष्टी महागड्या पावडरच्या डब्यापेक्षा केव्हाही बऱ्या.

आता घराण्याकडे वळू. उंचीत वारसा असतोच. सिंधूचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू. पण वारसा ही वरची मर्यादा आहे, तिथवर पोचायचे की नाही ते अन्न, पाणी आणि आजारपण ठरवते. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या बायका सरासरी २० सेंटीमीटरने, म्हणजे जवळजवळ आठ इंचांनी उंच भरल्या. शंभर वर्षांत कोरियाचे घराणे बदलले नाही, ताट बदलले. आपल्या महाराष्ट्रात त्याच २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. आईचे गरोदरपण आणि बाळाची पहिली दोन वर्षे यांतच हे नुकसान बहुतांशी होऊन जाते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठीच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तिथे ठामपणे मांडले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. ज्या आईला नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर घमेले वाहावे लागले, तिच्या लेकराची उंची मोजून "घराणेच असे" म्हणणाऱ्याने हा कायदा वाचावा.

म्हणून कोणी बारा वर्षांच्या पोराला उंचीवरून परत पाठवले, तर लगेच नाउमेद होऊ नका. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, मुलगे तेरा-चौदाव्या, काही त्याहून उशिरा. लवकर वाढलेले पोर त्या वर्षी भारी वाटते, उशिरा वाढणारे मागाहून त्याला गाठते. घरात दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी खूण करा, तारीख लिहा. तोवर पायांचे काम, मनगट आणि दोरीवरच्या उड्या सुरू ठेवा. उड्या मात्र मातीच्या मैदानावर माराव्यात. सिमेंटवर चपला घालून रोज उड्या मारल्या तर गुडघे लवकर कुरकुरतात.

जाता जाता एका नियमाविषयी, कारण वस्तीतल्या सामन्यांत तो अजून जुनाच चालतो. पूर्वी सर्व्हिस करताना शटल कमरेखाली, म्हणजे खेळाडूच्या शेवटच्या बरगडीखाली असावे लागे. ज्याची बरगडी उंच, त्याला सर्व्हिस उंचावरून करायची सवलत आपोआप मिळे. बुटका मात्र खालीच अडके. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने सर्वांना एकच माप लावले, जमिनीपासून १.१५ मीटर. उंच खेळाडूंनी बरीच कुरकुर केली, अ‍ॅक्सेलसननेही केली, पण नियम टिकला. १.१५ मीटर म्हणजे सुमारे ३ फूट ९ इंच. यंदा जाळी बांधाल तेव्हा खांबावर तेवढ्या उंचीची एक खडूची रेघ ओढा आणि सर्व्हिस त्या रेघेखालूनच करायला लावा.