पाहुणा होऊन सेवेला जाताना

सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या कार्यकर्त्याला बहुधा एखाद्या स्थानिक कुटुंबात ठेवतात. नेपाळच्या तराईतील थारू आदिवासींचे उदाहरण घेऊ. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे. लिपी मात्र देवनागरीच. कुडाची, सारवलेली घरे पाहून 'हा तर आपलाच पाडा' असे पहिल्या दिवशी वाटते. येथेच फसगत होते.

ताटात घोंगी येते, म्हणजे शेतातल्या गोगलगायी. त्या कवचातून ओढून खातात. नको असेल तर हात जोडून नको म्हणावे, तोंड वाकडे करू नये.

घरातली मुलगी न बोलता पाणी देते, ताट उचलते. 'किती आज्ञाधारक!' असे आपण म्हणतो. पण मागचा इतिहास ठाऊक असावा. पश्चिम तराईतील हजारो थारू कुटुंबे कर्जापायी जमीनदारांकडे 'कमैया', म्हणजे वेठबिगार होती. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला. नेपाळ सरकारने कमैया प्रथा १७ जुलै २००० रोजी बंद केली. सुटका झाली, पण जमीन हाती नव्हती. मुलींना 'कमलरी' म्हणून परघरी राबायला धाडणे त्यानंतरही काही वर्षे चालले.

म्हणून अशा घरात पहिल्याच दिवसापासून आपले ताट आपण घासावे, पाणी आपण भरावे. यजमानीण संकोचाने अडवील. तरी हसत हसत करावे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची सेवा केली, त्यांच्या घरी सेवक म्हणून जाऊन सेवा करून घेणे शोभत नाही.